नळीतली पेज

आरे, ता. रत्नागिरी
२ जुलै १९८४

ती. मैनावन्सं यांना मालनचा वाकून नमस्कार.

तुम्ही मुंबईला गेलात त्याच आठवड्यात ह्यांना घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याची सूज उतरली आहे, आता इथे ठेवून आम्ही वेगळं काही करणार नाही, पुढचं काम घरच्या माणसांचं. जीपमध्ये मागे गादी घालून आणलं. अख्खी वाडी दारात उभी. सगळ्यांना वाटत होतं, भिवा उतरून सरळ पडवीत बसेल आणि तंबाखू मागेल. डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते. शेजारची सोनूबाई रडायला लागली, तशी आये तिच्यावर खेकसली, "माजा लेक जिता हाय. रडायचा आसंल तर तुज्या घरात जाऊन रड." होडी वर ओढताना दोर तुटला आणि कप्पी ह्यांच्या डोक्यात बसली, त्या दिवसापासून आये अशीच आहे. सासू म्हणून कधी घाबरले नाही तिला, आता घाबरते.

नाकातली नळी तशीच ठेवून पाठवलंय. सिस्टरनी मला आधी करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं. पाठीला उशा लावून बसतं करायचं, नळी पोटातच आहे ना ते पिचकारीने ओढून बघायचं, मग पिचकारीचं नळकांडं वर धरून पातळ अन्न हळूहळू सोडायचं. वरून पाणी. नंतर बराच वेळ आडवं करायचं नाही. मी थांबत थांबत ओतत होते, तर सिस्टर म्हणाल्या, अगं, तान्ह्या पोराला भरवतेस असं समज. मी म्हटलं, सिस्टर, हे तान्हं पोर दीड मणाचं आहे. त्या हसल्या, आणि मला पण हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तोंडातून काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय. गिळता येत नाही, छातीत जाईल म्हणतात. पण वन्सं, घास नाही, चव नाही, बोटं चाटणं नाही. कालवण जरा आंबट झालं तर ताट सरकवणारा हा माणूस. नळीला जेवण कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तुमची
मालन


मुंबई
१० जुलै १९८४

चि. सौ. मालनला मैनाचा भरभरून आशीर्वाद.

दीड मणाचं पोर! मी वॉर्डात पत्र वाचत होते, मोठ्याने हसले तर सिस्टरनी विचारलं, काय गं, भावाची तब्येत सुधारली का? मी म्हटलं, भावाची नाही, भावजयीची सुधारली.

आता नीट ऐक. आमच्या डॉक्टरांना मी जिन्यात गाठलं. माझ्यासारख्या वॉर्डातल्या आयाशी जिन्यात उभं राहून बोलणारा हा एकच डॉक्टर आहे, देव त्याचं भलं करो. ते म्हणाले, डोक्याला असा मार बसला की माणूस निपचित पडलेला दिसतो, पण त्याचं अंग आतून चुलीसारखं पेटलेलं असतं. वल्हं मारणाऱ्या माणसाला लागतं त्याहून जास्त अन्न त्याला लागतं. बाहेरून मिळालं नाही तर तो स्वतःचंच मांस जाळतो. म्हणून पोटभर द्यायचं, थोडं थोडं पण सारखं. दूध. दुधात अंडं फेटून नीट शिजवायचं. साखर, तेलाचा चमचा, डाळीचं घट्ट पाणी, नाचणीची आंबील, म्हावऱ्याचं सार. सगळं फडक्यातून गाळून, नाहीतर नळी तुंबेल आणि मग तुझी धावपळ होईल. आपल्या कोंबड्या घरभर घाण करत फिरतात ना, त्यांना म्हणावं, आता जरा भिवासाठी राबा.

मी विचारलं, शुद्धीवर येईल का हो? डॉक्टर म्हणाले, आधी पोट भरा, मग ते बघू. तेच मी तुला सांगते.

आणि नळीला जेवण कसं म्हणायचं म्हणतेस? तू शिजवलेलं त्याच्या पोटात जातं ना? मग ते जेवणच. भरवताना त्याच्याशी बोलत जा. कुणी ऐकलं तर ऐकू दे. त्याला कुशीवर वळवायला विसरू नको, पाठ जप त्याची.

आयेला सांग, मैना बरी आहे.

मैना


आरे
१९ जुलै १९८४

ती. मैनावन्सं यांना मालनचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं, आयेला वाचून दाखवलं. ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. इकडे सगळं व्यवस्थित चाललंय, तुम्ही घोर लावून घेऊ नका. नळीचा हात आता बसलाय माझा. पेज घट्ट झाली की नळीत अडते, म्हणून चांगली निवळ करून घालते. मग सुरसुर खाली जाते. बोलत पण जाते त्यांच्याशी. काल सांगत होते की वाडीतल्या गंगाच्या नवऱ्याने आपल्या जागेवर त्याची होडी शाकारून ठेवली, आता पाऊस संपला की भांडण ठेवलेलंच आहे. तर वन्सं, ह्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. मला तरी तसं वाटलं. आये म्हणते पाल बघत असेल.

कुशीवर वळवायला सोनूबाई येते हात लावायला. रडली तरी मनाने चांगली आहे. आपल्या कोंबड्यांची अंडी मी तिलाच देऊन टाकते, तिची सून बाळंतीण आहे.

आता वळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. हलके झालेत. कमरेचा करगोटा सारखा खाली घसरायचा, म्हणून मी तो आवळून पुन्हा गाठ मारली. कालही मारावी लागली. आजारपणात माणूस उतरतोच, उठले की भरतील.

तुमची पाठदुखी कशी आहे? इकडे चिखल फार.

मालन


मुंबई
२५ जुलै १९८४

मालन,

आज आशीर्वाद नाही आणि काही नाही. मी रागावले आहे, तर रागातच वाच.

अंडी सोनूबाईला? तिची सून बाळंतीण आहे ते मला ठाऊक आहे, तिला खाऊ दे. पण माझ्या भावाला तू काय घालतेस? तुझं पत्र मी उलटसुलट करून वाचलं. त्यात दूध नाही, अंडं नाही, आंबील नाही. आहे ती पेज, आणि ती पण निवळ! भाताचं पाणी पोटात ओतून करगोट्याला गाठी मारत बसलीस, आणि मला लिहितेस सगळं व्यवस्थित?

हे मी तुला लिहिणार नव्हते. गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात एक खलाशी आला होता, असाच डोक्याच्या माराचा. जखम भरलेली होती. पण गावी त्याला महिनाभर नुसती पेज आणि चहा. आजाऱ्याला पेज, हेच आपल्याकडे शिकवलंय ना सगळ्यांना! पाठीला फोड पडून हाड दिसत होतं. मी त्याला उचललं तेव्हा अंगात काही नव्हतंच गं. त्याची बायको पायाशी उभी होती, डोळे मोठे करून. तो गेला. डॉक्टर म्हणाले, हा डोक्याने गेला नाही, भुकेने गेला. मी त्या बाईकडे बघू शकले नाही.

तू आळशी नाहीस, तुझं मन वाईट नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. मग झालंय काय? खरं लिही. उलट टपाली लिही.

मैना


आरे
३१ जुलै १९८४

वन्सं,

तुमचं पत्र विहिरीवर वाचलं, घरात वाचायची हिंमत झाली नाही. रागावलात ते बरं केलंत. मी तुम्हाला फसवलं.

ह्यांना इस्पितळात नेलं त्या रात्री आयेने वेळणेश्वराला नवस केला. तिच्या माहेरचा देव. तुम्ही इस्पितळातच राहत होतात, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हणाली, माझा भिवा उठून पाटावर बसेपर्यंत माझ्या घरात म्हावरं शिजणार नाही, अंडं फुटणार नाही. वन्सं, दर्यावर जगणारं घर, आणि सुके बोंबीलसुद्धा तिने माळ्यावरून काढून वाटून टाकले. मी पण हात जोडले. मला वाटलं, आपण आपल्या जिभेचं काहीतरी देतोय, देव बघेल. ह्यांना वगळायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही. घर म्हणजे ते पण आलेच ना.

तुमचं अंड्याचं पत्र आलं, तेव्हा आयेला मी विचारलं. ती म्हणाली, "देवाला दिलेला परत मागतंस? आजाऱ्याला पेजच बरी." दूध थोडं मिळतं ते घालते मी. पण खरं सांगायचं तर मी पण भांडले नाही, कारण भीती मला पण आहे. अंडं घातलं आणि त्याच दिवशी काही बरंवाईट झालं तर? आये मला काही बोलणार नाही. पण मीच मला काय सांगू?

तुम्ही मुंबईत आहात. तुमच्याकडे डॉक्टर जिन्यात भेटतात. माझ्याकडे इथे एक नळी आहे आणि एक सासू, आणि मधे हे. असं लिहू नये, पण लिहिते. मला पण राग येतो.

काल त्यांचा हात माझ्या हातात घेतला. ह्याच हाताने अख्खी होडी वळवायचे. मनगट माझ्यापेक्षा बारीक लागलं. मी अंगणात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. काय करू ते तुम्हीच सांगा, मला सुचत नाही.

मालन


मुंबई
५ ऑगस्ट १९८४

माझ्या मालनला पोटाशी धरून आशीर्वाद.

राग येऊ दे. तुझ्या जागी मी असते तर नळकांडं फेकून मारलं असतं कुणाला तरी. ती भीती एकटीने उरावर घेऊन बसलीस आणि मी इथून तोंड सोडलं. तू दोषी नाहीस.

आयेला चोरून काही करू नको. भिवाच्या पोटात अन्न जाईल आणि तुझ्या पोटात गोळा राहील, हे नको. सोबत वेगळा कागद ठेवलाय तो तिला वाचून दाखव, जसाच्या तसा. माझ्यावर चिडली तर चिडू दे.

मैना

(वेगळा कागद)

आये, मी मैना बोलते.

तुझा नवस मोड असं मी म्हणत नाही. तू माझ्या तापात किती नवस केलेस आणि पायी चालत जाऊन फेडलेस, ते मी बघितलंय. पण आये, मी रोज माणसं उचलते. भिवा आतून जळतोय आणि त्याला पेजेचं पाणी पुरत नाही. डॉक्टर म्हणतात, असाच उतरत राहिला तर तो उठायचा नाही. पाटावर बसायला अंगात मांस लागतं गं. ते कुठून आणायचं?

तू देवाला जे दिलंस ते तुझ्या तोंडचं होतं की त्याच्या? माझ्यापेक्षा देवाशी बोलायची तुला जास्त सवय आहे. तूच त्याच्याशी बोल. पण लवकर बोल, आये. मला भाऊ एकच आहे.


आरे
१४ ऑगस्ट १९८४

ती. मैनावन्सं यांना मालनचा नमस्कार.

कागद वाचून दाखवला. आये भिंतीला टेकून ऐकत होती. संपला तेव्हा म्हणाली, "पुन्ना वाच." पुन्हा वाचला. मग उठली, ह्यांच्या उशाशी गेली आणि त्यांच्या अंगावरची वाकळ बाजूला केली. इतके दिवस ती तोंडावरूनच हात फिरवायची. त्या दिवशी तिने ह्यांच्या बरगड्या बघितल्या, एकेक. वाकळ परत घातली आणि चारी बाजूंनी खोचली.

शनिवारी नारळी पौर्णिमा झाली. आपल्या होडीचा नारळ दर वर्षी हेच सोडतात. मी म्हटलं, यंदा भाऊबंदांपैकी कुणाकडून तरी सोडवू. आये म्हणाली, "हात मोडलेत माजे?" नऊवारीचा काष्टा खोचला आणि सगळ्या बाप्यांच्या मधून नारळ घेऊन गेली. दर्या अजून खवळलेला, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. वेळणेश्वराच्या दिशेला तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. मला शब्द न् शब्द आठवतो, म्हणून लिहिते.

"बा देवा वेळणेश्वरा म्हाराजा! मी माज्या तोंडानं बोल्ले ता चुकला. द्यायचा व्हता माजा, आनि मी माज्या लेकाच्या ताटातला काढून तुला दिला. नवस मी मोडत नाय. नवस मी माज्या एकटीच्या अंगावर घेतंय. माज्या भिवाला म्हावरं खाऊ दे, सुनेला खाऊ दे, आनि मी मरस्तवर म्हावऱ्याला तोंड लावणार नाय. ह्यात तुला कमी वाटला तर मला विचार, माज्या लेकाला विचारू नको!"

मागे उभे असलेले बापये सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाले. वाडीतले बाबल्यामामा पुढे होऊन म्हणाले, वयनी, आधी देवळात कौल लावून विचारायला हवं होतं. आये म्हणाली, "मी इचारूक नाय आलेय. सांगूक आलेय." आणि नारळ सोडला.

घरी आली ती थेट खुराड्यात हात घातला. स्वतः अंडं फेटलं, दुधात शिजवलं, फडक्याने गाळलं. नळकांडं मी धरलं आणि ती ओतत होती. मला वाटत होतं, आता काहीतरी होईल. ती मात्र ह्यांना सांगत होती, "खा रे बाबा. दमानं खा." रात्रभर मी जागी होते. काही झालं नाही. सकाळी ह्यांचा चेहरा मला शांत वाटला.

जन्मभर म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेतलेली बाई, वन्सं. जेवायला बसली की पहिला घास म्हावऱ्याचाच घ्यायची. मी म्हटलं, आये, एवढं कशाला बोललात, मरेपर्यंत? म्हणाली, "गप. कमी सांगून देवाला गंडवायचा आसता काय?"

मालन


मुंबई
२४ ऑगस्ट १९८४

मालन, माझी बाय,

तुझं पत्र मी सिस्टरना वाचून दाखवायला गेले आणि "सांगूक आलेय" पाशी कागद त्यांच्या हातात दिला. पुढचं त्यांनी वाचलं. मग आम्ही दोघी कपडे ठेवायच्या खोलीत उभ्या राहून रडलो. बाहेर पेशंट घंटा वाजवतोय आणि आम्ही नाक पुसतोय.

आयेची ती पाटी मी लहानपणी ओढून धरायचे. बाजारातून येताना तळाशी दोन तरी मासे माझ्यासाठी राखलेले असायचे, गिऱ्हाईकाने कितीही मागितले तरी द्यायची नाही. तिला सांग, मैनाला ते मासे आठवले.

आता सगळं घालत जा, हळूहळू वाढव. एकदम भसकन ओतू नको, उलटी होईल. नळी बदलायला रत्नागिरीला न्याल तेव्हा डॉक्टरांना विचार, गिळून बघायचं का. आपल्या मनाने चमचा लावू नको. आये लावायला गेली तर हात धर तिचा. माझं नाव सांग.

मैना


आरे
२६ सप्टेंबर १९८४

ती. मैनावन्सं यांना मालनचा नमस्कार आणि आयेचा आशीर्वाद.

गणपतीत पत्र लिहायचं राहून गेलं, रागावू नका. हात रिकामा नव्हता. पण आता सांगायला आहे ते आधीच्या सगळ्या पत्रांत मिळून नव्हतं.

ह्यांच्या अंगावर मांस धरलंय. पाठ स्वच्छ आहे. गणपती उठले त्यानंतर मी कुशीवर वळवायला गेले, तर ह्यांनी स्वतःहून माझा खांदा धरला. बघतात. खरंच बघतात, पाल नाही. सोनूबाई आली की तिच्या मागे डोळे फिरतात. पण बोलत नव्हते आणि ओळख आहे की नाही, ते कळत नव्हतं. मी विचारायची, मी कोण? नुसते बघत राहायचे. मी कामाला लागायची. मनात म्हणायची, पोट भरा, मग बघू.

परवा रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी बसवून चमच्याने घोटभर देऊन बघितलं. ठसका लागला नाही. त्यांनी गळ्याला बोटं लावून परत परत बघितलं आणि म्हणाले, नळी अजून राहू दे, पण दिवसातून थोडं चमच्याने द्या. पातळ नको, मऊ आणि घट्टसर द्या.

काल दर्यावरून ताजी मुडदुशी आली. आयेने स्वतः निवडली, काटा न् काटा काढला, सार केलं आणि त्यात भात मऊ घोटला. मी उशा लावून ह्यांना ताठ बसवलं. आये वाटी घेऊन समोर बसली, पण चमचा माझ्याकडे दिला. म्हणाली, "तुजा हात बसलाय."

मी अर्धा चमचा जिभेवर ठेवला. वन्सं, मी ह्यांच्या गळ्याकडेच बघत होते. गळा हलला. घास खाली गेला. आणि मग ह्यांनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं ठसका येतोय, मी पुढे झुकवलं. त्यांनी मान हलवली, आयेकडे बघितलं, तिच्याकडेच, आणि अगदी जड जिभेने म्हणाले,

"आये... खारट."

मग मी वाटीत बोट बुडवून चाखलं. खरंच खारट होतं! खारट म्हणजे काय, मिठागर! आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं. आयेने चाखलंच नव्हतं. चाखणार कशी? नारळी पौर्णिमेपासून ती असंच अंदाजाने मीठ घालत आलीय, आणि नळीतून जाणाऱ्याला कोण नाव ठेवणार? मी तरी माझ्या वाटीत गुपचूप पाणी घालून खात होते, तिला वाईट वाटेल म्हणून.

आये दारापर्यंत गेली. वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आयकलात काय गो! भिवा माज्या जेवणाला नाव ठेवतोय!" आणि उंबऱ्यावर बसून तिने असा टाहो फोडला की सगळी वाडी धावत आली.

मी आणखी अळणी भात घोटून त्यात मिसळला. चमचा पुढे केला. ह्यांनी आपणहून तोंड उघडलं.

तुमची
मालन